घाणेरीला अभय

नाथाजी गुरवाने वाघजाईला जन्मात एकदाच फसवलं, आणि तेही तिच्याच राईच्या भल्यासाठी. पण करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटारी कोळशावर चालायला लागल्या. त्या कोळशासाठी पाटण खोऱ्यातलं रान भराभर उतरत होतं. ठेकेदाराची नजर वाघजाईच्या राईवर गेली. तिथली अंजनी, जांभूळ, हिरडा, सगळी आज्या-पणज्यांच्या वेळची झाडं. पाटलाला त्याने आधीच खिशात घातलं होतं. तरी देवीला विचारल्यावाचून राईत कुऱ्हाड न्यायची पाटलाची छाती नव्हती. कौल लावायचं ठरलं.

देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची. उजवी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. प्रश्न पाटलाने घालायचा आणि पाकळ्या गुरवाने लावायच्या, ही पिढीजात वाटणी. "राईतलं काय तोडायचं का, आई?" पाटलाने विचारलं. नाथाजीने उजव्या पाकळीखाली धावड्याचा डिंक लावला होता. डावी गळली आणि ठेकेदार हात हलवत परत गेला. हे गुपित फक्त नाथाजीच्या बायकोला, रंगुबाईला ठाऊक होतं. डिंक तिनेच भिजवून दिला होता.

पण गाव कसलं भाविक! काही तोडायचं नाही म्हणजे काहीच नाही. दरसाल शिमग्याआधी घरटी एक माणूस राईत जाऊन घाणेरीची झुडपं मुळासकट काढायचा. ते बंद पडलं. देवीने घाणेरीलाही अभय दिलं, असं जो तो सांगू लागला. दोन पावसाळ्यांत घाणेरीने पायवाट गिळली, जांभळा-हिरड्याची रोपं तिच्याखाली गुदमरली आणि त्या जाळीत रानडुकरांनी संसार मांडले. डुकरं गावाची नाचणी खायची आणि देवीच्या आश्रयाला जाऊन झोपायची. आपणच कोयता घेऊन जावं, असं नाथाजीला रोज वाटे. पण कौल सांगणाराच कौल मोडतो म्हटल्यावर राई कोण राखणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता.

यंदा रंगुबाईचा भाऊ कृष्णात नाचणी राखायला बसला आणि डुकराने त्याची मांडी फाडली. जीव वाचला, पण पाय जायबंदी झाला. गाव खवळलं. पुन्हा कौल लावायचा ठरला. बातमी लागताच ठेकेदारही येऊन बसला.

"राई मोकळी करायची का, आई?" पाटलाने विचारलं.

नाथाजीने पाकळ्या हातात घेतल्या. होकार आला तर झाडं जाणार. नकार आला तर डुकरं तशीच राहणार, आज कृष्णात, उद्या आणखी कुणी. घाणेरीपुरतं विचारायचा गुरवाला अधिकार नव्हता. या वेळी त्याने डिंक आणला नव्हता. नुसत्या पाण्याने पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. आई, तूच काय ते बघ.

एकही पाकळी गळेना.

कौल मिळेपर्यंत गुरवाने उठायचं नाही, गावाने हलायचं नाही, अशी रीत. ऊन माथ्यावर येऊन कलतीला लागलं. नाथाजीच्या मांड्या बधिर झाल्या. रंगुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्या कानाशी पुटपुटली, "आवं, मागल्या खेपंला तुमीच बोलला हुतासा. आता बी बोला. माज्या भावाकडं बगा जरा."

नुसती फुंकर पुरली असती. पण कोणत्या पाकळीवर? खरं बोललं की सुटलो, असं नाथाजीला वाटलं.

"मागल्या खेपंला डिंक लावला हुता मी," तो ओरडला. "आईनं घाणेरीला अभय दिल्यालं न्हाई! घाणेरी काढा, झाडं राखा!"

कुणी तरी थुंकलं. पाटील मात्र हसला. "म्हंजी, झाडं तोडू नगा असंबी आईनं म्हटल्यालं न्हाई की रं!"

कौल तसाच टाकून तो उठला आणि दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाडी आल्या. अंजनी पडली, जांभळं पडली, भट्ट्या लागल्या. घाणेरीकडे ठेकेदाराने ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्या काटक्यांचा कोळसा त्याच्या कामाचा नव्हता. डोक्यावरची सावली गेल्यावर ती अशी माजली की देवळाची पायरी दिसेना. डुकरं होती तिथेच होती.

नाथाजी कोयता घेऊन एकटाच झटायला लागला. पण एका माणसाने किती तोडावं? शिमगा जवळ आला तसा तो घरोघर फिरला. "घरटी एक माणूस द्या, पयल्यासारका." कुणी दार लोटून घेतलं, कुणी ऐकलं न ऐकलंसं केलं. शेवटी तो मेव्हण्याच्या ओसरीवर आला. कृष्णात जायबंदी पाय पसरून बसला होता.

"तू तरी सांग रं गड्या गावाला. तुजं ऐकतील."

कृष्णातने वरही पाहिलं नाही.

"आदी कौल लावा की, दाजी," तो म्हणाला. "डिंक हाय न्हवं घरात?"