गावाचा एकच पाना

"परदेशी मदत बंद झाली तरी आमच्या गावाला साधी शिंकसुद्धा येणार नाही," असं आमच्या गावाचे प्रमुख, म्हणजे मफुमू ग्वेडेझा, जिल्ह्याच्या सभेत छाती काढून सांगून आले. घरी येऊन त्यांनी पाणी मागितलं. बायको म्हणाली, हातपंप सकाळपासून बंद आहे.

पंप परदेशी संस्थेचा. पूर्वी बिघडला की फोन करायचा, पांढरी गाडी यायची. आता संस्थेनंच गाशा गुंडाळलेला. नदी दोन मैलांवर, आणि बादल्या बायकांच्या डोक्यावर.

चौथ्या दिवशी मफुमूंनी आंब्याखाली सभा बोलावली. सगळे येऊन फांटाच्या बाटल्यांची वाट बघत बसले. बारा वर्षं संस्थेच्या प्रत्येक सभेला थंड बाटली मिळायची, त्यामुळे बाटलीशिवाय सभा सुरू होते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मी शाळेचा मास्तर, तरी खिशात ओपनर घेऊन गेलो होतो. शेवटी कोरड्या घशानं वाद पेटला. अर्धे म्हणत, मदत गेली, आता मरू. उरलेले म्हणत, गेली म्हणूनच शिकू. दोघांचंही मला पटत होतं, हीच अडचण.

गावातली नाफिरी मागे रिकामी बादली घेऊन उभी होती. नदीच्या खेपांनी तिची मान आखडली होती. ती रीतीप्रमाणे गुडघ्यावर बसली, हलकेच टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "मफुमू, मरायचं की शिकायचं ते सावकाश ठरवा. तोवर तुमच्या सायकलची जुनी ट्यूब द्याल का?"

ट्यूब कापून तिनं पंपाचं झिजलेलं रबर बदललं. गावात एकच पाना होता, त्यानं सगळं खोललं आणि परत बसवलं. पाणी आलं. पहिला पेला मफुमू प्यायले आणि म्हणाले, मी सभेत सांगितलंच होतं.

बातमी संस्थेपर्यंत गेली आणि पांढरी गाडी परत आली. स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं गाव म्हणून आमची निवड झाली होती. सरोवराकाठच्या हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर, विषय 'मदतीशिवाय कसं जगावं', खाणंपिणं संस्थेचं. नाफिरी नको म्हणत होती, पण मफुमूंना भाषणात पुरावा हवा होता. म्हणून ती आली, आणि पानाही आला.

पाना काचेच्या पेटीत मांडला. सगळ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. फांटा हवा तेवढा होता.

दुसऱ्या दिवशी गावाहून फोन आला, पंप बंद पडलाय. पेटीला कुलूप होतं. किल्ली खिशात घेऊन संस्थेचे साहेब सकाळच्या विमानानं मायदेशी गेले होते.