मयुराचा कान

मयुरा गेली तो हिवाळा सरला आणि मार्चमध्ये मृणालनं कान टोचून घेतला. पाळीला नाही, वर, जिथं कान हाताला कडक लागतो तिथं. लाजपतनगरच्या त्या छोट्या दुकानातल्या मुलीनं तिला दारातच ओळखलं.

"अरे, आप! दूसरा भी करवाना है? पहला वाला ठीक हो गया?"

पहिला कान माझा नव्हता, माझ्या जुळ्या बहिणीचा होता, हे मृणालला सांगता आलं असतं. पानिपतच्या अलीकडे धुक्यात तिची टॅक्सी उभ्या ट्रकवर आदळली, तेव्हा ती जखम अजून ओलीच होती, हेही. पण ती म्हणाली, "हाँ, बिल्कुल ठीक है," आणि खुर्चीत बसली.

मयुरानं उजवा कान टोचला होता. मृणालनं डावा पुढे केला.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये परतल्यावर तिनं बाथरूमचं दार लावलं, केस मागे घेतले आणि आरशात पाहिलं. समोर मयुरा उभी होती. तोच उजवा कान, तीच बारीक चांदीची कडी, कडीभोवती तीच लाली. मृणाल आरशासमोरून हलली नाही.

मग रोजच ते सुरू झालं. कान भरून येण्यासाठी काय करायचं ते तिला पाठ होतं. मयुराला स्वतःचा कान दिसायचा नाही, म्हणून मृणालच तो धुवायची. सलाईनचं पाणी, स्वच्छ गॉज, खपली ओढायची नाही, कडी फिरवायची नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. आता तिनं यातलं काहीच केलं नाही. मुद्दाम डाव्या कुशीवर झोपली. ठणका लागला की कोणीतरी उशीला उशी लावून पडलंय असं वाटायचं. ठणका थांबला की खोली रिकामी व्हायची.

महिन्याभरात कान लालभडक सुजला. ऑफिसात ती केस सोडून बसायची. घरी आईचं, कल्पनाबाईंचं, तिच्याकडे लक्षच नसायचं. मयुरा गेल्यापासून त्या मृणालच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत. तोच चेहरा होता ना.

एका सकाळी चहा देताना मात्र त्या थबकल्या. "वास कसला येतोय गं?"

त्यांनी मृणालचे केस बाजूला केले. हातातला कप ओट्यावर कलंडला.

"मयु..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग बोटांना कानाचा चटका लागला तशा त्या भानावर आल्या. "ताप आहे तुला. चल, ऊठ."

डॉक्टरीणबाईंनी पू काढला, औषधं लिहून दिली आणि चांगल्याच रागावल्या. या भागाला रक्त कमी पोचतं, आणखी थोडं दुर्लक्ष झालं असतं तर कानाचा आकारच गेला असता, म्हणाल्या. "सोती किस करवट हो?"

परतताना रिक्षात आईनं विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"तिचं भरलं नव्हतं, आई."

"मग तूही कुजायचंस?" कल्पनाबाईंचा आवाज चिरकला. रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. "मला एकच उरलीयस गं."

त्या संध्याकाळपासून कान आई धुऊ लागली. बाल्कनीत उजेडाला स्टूल ठेवायची, गॉज भिजवायची, फुंकर घालायची. एकदा पाणी झोंबलं आणि मृणालनं मान झटकली, तशी आई सहज म्हणाली, "हलू नको, मयुरा."

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मृणालनं मागे पाहिलं नाही. आईनंही चूक सुधारली नाही. गॉज पुन्हा कानाला लागला. मृणाल हलली नाही, जणू तिचं नाव मयुराच होतं.

पावसाळा सरता सरता सूज उतरली. खपली धरायची थांबली, दाबलं तरी दुखेना. त्या रात्री मृणाल बराच वेळ डाव्या कुशीवर पडून राहिली. उशीपलीकडे कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई नेहमीप्रमाणे वाटी घेऊन बाल्कनीत आली.

"आई, भरलंय आता. नको."

"हो?" कल्पनाबाई वाटी धरून तशाच उभ्या राहिल्या. "मग आता मी काय करू?"

मृणालनं आईच्या हातातली वाटी काढून कठड्यावर ठेवली आणि तिला स्टुलावर बसवलं. स्वतः समोर जमिनीवर बसली, केस बांधले आणि मान वर केली. आईला बघावंच लागलं.

कल्पनाबाई खूप वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिचा कान तू धुवायचीस ना? ओरडायची का गं ती?"

"ओरडायची कसली? हसायची. गुदगुल्या होतात म्हणायची."

"लहानपणीही तसंच," आई म्हणाली. "न्हाऊ घालताना हातात ठरायची नाही." आणि ती मयुराच्या एकेक गोष्टी सांगू लागली.