डबड्याची पूजा

मला चिडायला कारण लागत नाही, असं आमच्या घरात म्हणतात. त्या सोमवारी मात्र कारण होतं. सकाळचे साडेनऊ वाजले होते, अकराला पुण्याच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसची ऑनलाइन मुलाखत होती आणि माझा मॉनिटर मधूनच गुलाबी होत होता.

नुसता गुलाबी झाला असता तर खपवून घेतलं असतं. पण आधी आडव्या रेषा यायच्या, मग चित्र थरथरायचं, मग सगळं काळं आणि त्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी. पाच सेकंदांनी परत सगळं जागच्या जागी, जसं काही झालंच नाही. साळसूदपणा म्हणतात तो हाच.

माझ्या लॅपटॉपचा स्वतःचा पडदा उन्हाळ्यातच गेला. खाटेवरून पडला आणि सगळा काळा झाला, फक्त उजव्या कोपऱ्यात घड्याळ तेवढं दिसतं. मग वाशिमहून एक जुना मॉनिटर आणला, वायरने जोडला, आणि आमच्या किन्हीराजा गावात बसून घरांचे नकाशे काढू लागले. कुणाचा जिना, कुणाचं बाथरूम, असलीच किरकोळ कामं. पुण्याचं काम मिळालं तर ती माझी पहिली खरी नोकरी होणार होती. मुलाखतीत ते एक चुकलेला नकाशा देणार होते आणि त्यांच्यादेखत मला तो दुरुस्त करायचा होता. ते मोबाइलवर होत नाही.

बाबांच्या लेखी हे सगळं 'डबडं'. माझे बाबा इंद्रभान, आठ एकरांत सोयाबीन आणि तूर. जे हातात धरून मातीत चालवता येतं तेच त्यांच्या मते हत्यार. दसऱ्याला आईने ओसरीवर विळे, फावडं, वखराची पास, फवारणीचा पंप असं सगळं मांडलं आणि ती माझा लॅपटॉप आणायला आत निघाली.

"रुख्मिणी, त्या डबड्याची कायची पूजा?" बाबा म्हणाले. "हत्यारात हत्यार मांडाव."

आई मागे फिरली. मी मनातल्या मनात खूप बोलले. लॅपटॉप आपला खोलीतल्या फळीवर, पुस्तकांच्या रांगेत उभा खोचलेला राहिला. मी तो नेहमी तसाच ठेवते. रागाच्या भरात दोन दिवस हातसुद्धा लावला नाही. शनिवारी जोडला, तेव्हापासून हा खेळ सुरू.

सगळं करून झालं होतं. बंद करून चालू केला. ड्रायव्हर काढून परत टाकला. शेजारच्या लिलाबाईंच्या टीव्हीची वायर मागून आणली, तिनेही तेच. आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावात, दुरुस्तीचं दुकान असलेल्या उदयसिंगला फोन लावला, तर तो सहकुटुंब पोहरादेवीला दर्शनाच्या रांगेत.

"लॅपटॉपात वायर जाते तिथंच ढिल्लं झालं असंल, ताई," तो गर्दीतून ओरडला. "दाबून पाह्य जरा!"

दाबलं, आणि चित्र थांबलं. अगदी स्थिर. अंगठा काढला की गुलाबी. पण एका हाताने वायर दाबून नकाशा काढायचा कसा? एक हात माउसवर लागतो, एक कीबोर्डवर. चिकटपट्टी लावली, वर रबर गुंडाळलं, पुठ्ठ्याचा तुकडा खोचला. सव्वादहा झाले. आईला बोलावलं. तिने जीव तोडून दाबलं, पण तिचा हात थरथरत होता, आणि हाताबरोबर पडदाही.

"नीट धर ना!" मी तिच्यावर खेकसले. तिचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

तेवढ्यात बाबा शेतातून पाणी प्यायला आले. दारात उभे राहून त्यांनी आमचा तमाशा पाहिला.

"काय झालं?"

"तुमच्या डबड्यालाच विचारा," मी म्हणाले.

मला वाटलं, आता ऐकवतील. पण ते आत आले, दुपट्ट्याला हात पुसले आणि आईला म्हणाले, "सरक. मले दाखव कुठं दाबाचं तं."

टेबलाच्या डाव्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे, ते जमिनीवर बसले आणि हात वर करून त्यांनी वायर धरली. पेरताना तिफण धरतात तशी, ना जास्त दाब ना कमी. पडदा हलायचा थांबला.

अकराला पुण्याच्या मॅडम आल्या. त्यांनी नकाशा पाठवला, मी कामाला लागले. जिन्याची उंची चुकली होती, एक खांब दारातच आला होता. पहिली दहा मिनिटं माझं निम्मं लक्ष बाबांच्या अंगठ्याकडे होतं. मग त्यांच्या खिशातला फोन वाजला. वाजतच राहिला. मळणीयंत्रवाल्या खेमाचा असणार, हे मला माहीत होतं. आज आमचा नंबर होता, आणि बाबा जागेवर नसले की तो यंत्र दुसऱ्याच्या शेतात नेतो. मी खाली पाहिलं. बाबांनी दुसऱ्या हाताने चाचपून फोन बंद केला आणि हनुवटीने मला पडद्याकडे बघ म्हणून खुणावलं.

चाळीस मिनिटं. त्यात चित्र एकदाही गेलं नाही.

"एक तारखेपासून सुरू करा," मॅडम म्हणाल्या.

त्या गेल्यावर आई टाळी वाजवून हसली. बाबांनी हात खाली घेतला, तर अंगठ्यावर वायरचा खोल वळ. आता मला राहवेना. वायर उपसली, मोबाइलचा दिवा लावून त्या फटीत डोकावले. आत काहीतरी लाल होतं. सेफ्टी पिनने कोरून बाहेर काढलं. तांदळाचा दाणा होता, कुंकू लावलेला.

"आई, तू पूजा केली होतीस?"

"मी कशाले करू? यायनं हात लावू देल्ला का मले?"

आम्ही दोघींनी बाबांकडे पाहिलं. ते खांद्यावर असलेला दुपट्टा खोलीभर शोधत होते.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते. "बाबा," मी म्हणाले, "हे काय आहे?"

"खेमा थांबला असंल तिकडं," ते म्हणाले आणि चपला घालू लागले. उंबऱ्यापाशी जरा थांबले, पण वळले नाहीत.

"उभं काहून ठेवतं वं त्याले? अक्षता आत जातात. पुढच्या दसऱ्याले आडवं ठेवजो."