न संपलेली मालिका

"संपलेली नको," ताई म्हणाली. "चालू असलेली सांग. जिचे भाग अजून यायचे आहेत अशी."

ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणारा भिंगोबा मान वर करून बघत राहिला. कुठलीही वस्तू नाकाला लावून बघायची सवय, म्हणून त्याला हे नाव पडलेलं. तो ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचा, वेडा होता. ताईची धाकटी बहीण चिंगीही एकेकाळी होती. ताईच्या हाताशी एवढाच धागा उरला होता.

आई गेल्यापासून चिंगी खोलीतून बाहेर येत नव्हती. नोकरी सुटली, मैत्रिणी सुटल्या. दाराशी ठेवलेलं ताट कधी रिकामं मिळायचं, कधी जसंच्या तसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला घेऊन या. पण आणायचं कसं? आणि परवा दाराआडून चिंगी अगदी शांतपणे म्हणाली होती, "माझ्यानंतर ही खोली तू घे ताई. उजेड चांगला येतो." त्याच दुपारी चिंगी न्हाणीघरात गेल्यावर ताईने पेचकस घेऊन दाराची आतली कडी काढून टाकली. चिंगीने आतून कपाट सरकवून दाराला लावलं.

"संपलेली मालिका ती एका बैठकीत संपवेल," ताई म्हणाली. "मला तिला पुढच्या शुक्रवारची वाट बघायला लावायचीय. कळतंय का तुला?"

भिंगोबाला कळलं. त्याने हातातली काच खाली ठेवली. "एक आहे. मारामारी आहे, भुतं आहेत, अंगावर काटा येतो. दर शुक्रवारी संध्याकाळी नवा भाग. कुऱ्हाड घेऊन हिंडणारी एक मुलगी आहे. भाग असा तोडतात की माणूस हात चोळत बसतो."

"चालेल," ताई म्हणाली. गोष्ट काय आहे हे तिने विचारलंच नाही.

घरी येऊन तिने दाराच्या फटीतून मालिकेचं नाव लिहिलेली चिठ्ठी सरकवली आणि बाहेर फरशीवर बसून राहिली. खूप वेळाने आतून आवाज आला, "ही तुला कुणी सांगितली?"

"दुकानातल्या भिंगोबाने. बघ ना गं. माझ्यासाठी एकच भाग बघ."

पहिला भाग चिंगीने बघितला. दुसऱ्या शुक्रवारी ताट रिकामं झालं. ताई दुकानात इतकी हलकी होऊन वावरली की एका गिऱ्हाइकाला तिने दुसऱ्याचाच चष्मा चढवला.

तिसऱ्या शुक्रवारी ती पायऱ्या चढत असतानाच आतून किंचाळी ऐकू आली.

"तू मुद्दाम दिलीस ना मला ही? मुद्दाम!"

ताई धावली. "काय झालं? चिंगे, अगं काय झालं?"

"ती भुतं मेलेल्यांच्या आवाजात हाका मारतात! त्या मुलीची मेलेली आई दाराबाहेरून हाक मारतेय, मुलीचा हात आतून कडीवर आहे, आणि भाग संपला!"

आपण काय करून बसलो? तिने दाराला खांदा लावला. कपाट इंचभर हललं, पुन्हा अडलं. "मला माहीत नव्हतं गं. शपथ. मी काहीच विचारलं नव्हतं. कपाट सरकव. चिंगे, पाया पडते तुझ्या."

"आईने हाक मारली होती," आतून आवाज आला. आता तो अगदी बारीक झाला होता. "ती गेली त्या दिवशी. खालच्या काकूंना ऐकू आली. मला नाही. मी शेजारच्या खोलीत होते ताई, कानात हेडफोन घालून."

हे ताईला कुणीच सांगितलं नव्हतं. चिंगीने ती हाक ऐकली असती तर आई वाचली असती का, हे तिला माहीत नव्हतं, आणि खोटं बोलायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. "तू गेली असतीस तर काय झालं असतं, मला नाही सांगता येत," ती दाराला कपाळ टेकवून म्हणाली. "पण तू पण गेलीस तर मी कुणाला हाक मारू?"

मग फरशीवर कपाटाचं लोखंड घासल्याचा आवाज झाला. ताई त्या फटीतून अंग चोरून आत शिरली. खोलीला कोंदट वास होता. चिंगी इतकी वाळली होती की गाऊन खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता.

तो आठवडा ताई कामावर गेली नाही. मालकाला फोन करून म्हणाली, घरी आजारी माणूस आहे. दोघी एकाच गादीवर झोपल्या. चिंगी मध्येच विचारायची, "ती दार उघडेल का गं?" ताई म्हणायची, "बघू की. दोघी मिळून बघू."

शुक्रवारी दोघी पडद्यासमोर बसल्या. त्या मुलीने दार उघडलं. बाहेर आई नव्हती, भूत होतं. पुढची झटापट ताईने उशी तोंडावर धरूनच काढली. मुलीची दोन बोटं गेली, तरी तिने त्या भुताच्या डोक्यात कुऱ्हाड घातली.

"मला ऐकू आलं असतं तर मी पण उघडलं असतं," चिंगी पडद्याकडे बघत म्हणाली.

"माहितीय मला."

त्यावर चिंगी रडली. ताईने तिला आवरलं नाही.

सोमवारी चिंगी डॉक्टरीणबाईंकडे यायला तयार झाली, पण घराच्या पायरीवरूनच एकदा परत फिरली. दुसऱ्या खेपेला दोघी पोहोचल्या. गोळ्या सुरू झाल्या. त्यानंतरही काही दिवस फार वाईट गेले, पण दर शुक्रवारी संध्याकाळी दोघी नव्या भागासाठी पडद्यासमोर बसत राहिल्या.