पेनरोझच्या दुकानातली भाड्याची खुर्ची

मित्रांनो, पूर्वी मी भाड्याने मिळत असे.

मी एक जुनी, दुमडून ठेवता येणारी खुर्ची आहे. लाकडी दांडे आणि मधे झोळीसारखं जाड कापड, एवढंच माझं शरीर. शंभरएक वर्षांपूर्वी न्यू साउथ वेल्समधल्या मर्राबी नावाच्या लहानशा गावात माझा जन्म झाला. तिथल्या पेनरोझच्या दुकानात पीठ, टोप्या, घोड्यांची खोगिरं, असं सगळं विकत मिळे. ज्याची गरज एखाद्याच दिवसापुरती असे, ते भाड्याने मिळे. लग्नासाठी कपबशा, नाचासाठी पेटीवाद्य आणि शनिवारच्या सिनेमासाठी आम्ही खुर्च्या.

सिनेमा गावच्या सभागृहामागच्या मोकळ्या आवारात असायचा. दिवेलागणीला दोन खांबांमध्ये पांढरं कापड ताणलं जाई. बाकी मंडळी बाकांवर बसत. ज्यांना आरामात रेलायचं असे ते आम्हाला घेत. वारा आला की पडद्यावरचे डोंगर हलत, समुद्राला सुरकुत्या पडत. माझ्या झोळीत माणसं हळूहळू सैल होत जात आणि त्यांचा श्वास मला माझाच वाटू लागे.

दर शनिवारी विनिफ्रेड टॅलबट दुकानात येई. तिचे वडील मेंढ्यांची लोकर कातरायचे. पुढे त्यांची दृष्टी गेली होती. ती नेमकी मलाच मागे, कारण माझ्या उजव्या दांड्यावर लाकडाची एक गाठ होती आणि म्हाताऱ्याला ती बोटांनी ओळखता येई. त्यांना माझ्यावर बसवून ती शेजारी बुटक्या स्टुलावर बसे आणि हलक्या आवाजात सिनेमा सांगे. त्या काळी सिनेमा मुका होता.

"आता ती जिना उतरतेय, बाबा. निळा झगा घातलाय."

"निळाच कशावरून? सगळं काळंपांढरं असतं म्हणतात."

"निळाच आहे. मी बघतेय ना!"

म्हातारा हसे आणि ते हसू माझ्या कापडात थरथरत राही.

मग एके वर्षी बोलणारा सिनेमा आला. म्हातारबाबांना आता सगळं ऐकू येत होतं. विनिफ्रेड गप्प बसली. आपलं काम संपलं, असं तिला वाटलं असावं. थोड्या वेळाने त्यांनी चाचपडत तिचा हात धरला.

"विनी, तू का थांबलीस?"

"ते स्वतःच बोलताहेत की, बाबा."

"बोलू देत. त्यांच्या झग्यांना रंग नाहीत. तू सांग."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. त्यानंतरच्या एका शनिवारी विनिफ्रेड आली, तिने मलाच भाड्याने घेतलं आणि पहिल्यांदाच माझ्यावर स्वतः बसली. पडद्याकडे तिने फारसं पाहिलं नाही. तिचे ओठ मात्र शेवटपर्यंत हलत होते.

मित्रांनो, त्यानंतर घरोघरी टीव्ही आले. आवारातले खांब काढले गेले. मी दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून कित्येक वर्षं उभी होते. पुढे त्याच दुकानाचं संग्रहालय झालं. मला उलगडून मांडलं, समोर दोरी बांधली आणि पाटी लावली : 'कृपया बसू नये.' लोक येत, 'वा!' म्हणत, निघून जात. कुणाचा भार नाही, ऊब नाही. कौतुकातही माझं कापड विरत गेलं.

यंदा ते संग्रहालयही बंद झालं. सांभाळणाऱ्या मिसेस हॉलोवे आता थकल्या होत्या. त्यांनी वस्तू अंगणात मांडल्या आणि हवं ते न्या म्हणून सांगितलं. त्या दिवशी शहराच्या गुंगालिन उपनगरात घरी परतणारं एक मराठी कुटुंब तिथे थांबलं : चित्रलेखा, तिचा नवरा दत्तप्रसाद आणि आठ वर्षांची ओवी.

"आई, कॅन आय सिट?"

"विचार आधी त्यांना."

मिसेस हॉलोवे हसून मान डोलावतात तोच ओवी बसली. टर्रकन आवाज झाला. माझं कापड मधोमध फाटलं आणि ती खाली आपटली.

"आय डिडन्ट मीन टू!" ती रडू लागली.

"नो वरीज, बाळा. आता ही कचरा डेपोतच जाणार," मिसेस हॉलोवे म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं.

"नाही, आम्ही नेतो. आमच्या हातून फाटली, आम्ही शिवू," चित्रलेखा म्हणाली.

"अगं, गाडीत जागा कुठंय?" दत्तप्रसादने विचारलं.

"ती एस्की, बर्फाची पेटी, घे मांडीवर. रिकामीच आहे."

थंडीभर मी त्यांच्या गॅरेजमध्ये होते. दत्तप्रसाद शनिवार-रविवार गंजलेले स्क्रू काढत बसे, लाकडाला तेल चोळी. चित्रलेखाने तंबूचं जाड कापड आणलं. शिवताना मशीनच्या दोन सुया मोडल्या. ओवी कापड ताणून धरायची.

ऊन उबदार झालं तेव्हा मला परसात उलगडलं. तिघंही बघत उभी राहिली.

"मस्त झालीय!" दत्तप्रसाद म्हणाला. "हिला आता आत ठेवू या, शोपीस म्हणून. परत फाटली तर?"

माझे दांडे आतून आक्रसले. पुन्हा ती दोरी, पुन्हा ती पाटी!

"फाटली तर परत शिवू," चित्रलेखा म्हणाली आणि चपला काढून माझ्यावर रेलली. आठवडाभराचा शीण तिच्या पाठीतून माझ्यात उतरला. तिने डोळे मिटले. वर ढग चालले होते, सावकाश, कुठलीच घाई नसल्यासारखे. ओवी हळूच तिच्या कुशीत शिरली. नव्या कापडाने दोघींचा भार पेलला.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. तिला तेलपाणी करा, टाका घाला. पण जपण्याच्या नावाखाली तिला एकटी पाडू नका. माझ्यावर खुशाल बसा. फक्त उठताना मला दुमडून आत ठेवा. इथे दव फार पडतं.