पैलवानाचं जेवण

लाकडाच्या वखारीचे मालक गेले आणि त्यांच्या राखणदार कुत्र्याने अन्नच सोडलं. नाव पैलवान, आणि अंगही तसंच: पंजा बशीएवढा, नुसता रेलला तरी माणूस कोलमडावा. पण अशा धिप्पाड जातीची निगा भारी नाजूक हो! सांध्यांखाली मऊ अंथरूण हवं, जेवल्यावर पळू द्यायचं नाही, नाहीतर पोटाला पीळ पडतो. मालकांच्या सुनेने डॉक्टरांचं डोकं खाऊन हे सगळं पाठ केलं होतं.

आता जेवतच नाही म्हटल्यावर ते पाठांतर काय चाटायचंय? आणखी दोन दिवस असेच गेले तर हा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुःखाने खात नाही, असं सगळे म्हणत. सुनेला ते पटेना. भांडं पुढे आलं की त्याची लाळ गळायची. दुःखात कुणाला लाळ सुटते का?

राखणदार कुत्र्यांना ठरलेल्या शब्दाशिवाय खायचं नाही असं शिकवतात, हे तिने ऐकलं होतं. तिने 'खा' म्हणून पाहिलं, 'घे रे' म्हणून पाहिलं. पैलवान ढिम्म. शेवटी तिने सासूबाईंना विचारलं, बाबा त्याला कसं वाढायचे?

सासूबाई फणकारल्या. त्या कशाला वखारीत पाऊल टाकतायत? रोज संध्याकाळी खिडकीतून ऐकू यायचं तेवढंच. हे कुठल्यातरी गिऱ्हाइकाला जेवायचा आग्रह करायचे, तोही बायकोला न विचारता. घरात सगळ्यांना अरे-तुरे, आणि गिऱ्हाइकाला मात्र अहो-जाहो!

"मग ते गिऱ्हाईक कधी घरात जेवायला आलं?" सुनेने विचारलं.

सासूबाईंनी आठवून पाहिलं. एकही आलं नव्हतं.

सुनेने त्यांना हाताला धरून वखारीत नेलं आणि भरलेलं भांडं पैलवानापुढे ठेवलं. सासूबाईंनी घसा खाकरला.

"अहो, जेवून घ्या."

पैलवानाने भांड्यात तोंड खुपसलं ते तळ दिसेपर्यंत वर काढलं नाही. सुनेला हसू आवरेना. सासूबाई मात्र ओंडक्यावर बसून रडत होत्या.

"माझंच वाक्य आहे गं ते. जन्मभर दारातून मी त्यांना हेच म्हणत आले. वाटायचं, यांचं माझ्याकडे लक्षच नाही."

तेवढ्यात पैलवान आला आणि त्यांच्या गुडघ्यांवर रेलला. आता तासभर त्याला उठवायचं नाही, सुनेने बजावलं. सासूबाईंना तरी कुठे उठायचं होतं!