पट्ट्याला पीळ

गल्लीत तिला सगळे तोफ म्हणत आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून तिने ते कधी मनावर घेतलं नाही. उलट कोणी फारच वाकड्यात शिरलं, तर ती त्या नावाला जागायची.

तिचा नवरा फिटर. बागेची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. घरामागच्या शेडमध्ये दोघांचं स्वतःचं गवत कापायचं मशीन होतं, दोघांच्याही वयापेक्षा जुनं. पुढे पात्यांचा दंडगोल, मागे ओतीव लोखंडाचा जाडजूड रोलर आणि वर, पट्ट्याने तो रोलर फिरवणारं इंजिन. त्याच्यावर ती दोघं वाचनालयाची, दवाखान्याची आणि आसपासच्या चार-पाच बंगल्यांची हिरवळ राखायची. गेल्या महिन्यात वाचनालयाच्या हिरवळीवर मधोमध इंजिन कडकन वाजलं आणि जे बसलं ते बसलंच.

फिटरने ते उघडून पाहिलं आणि हात टेकले. "संपलं. याचे भाग आता कुठे मिळत नाहीत. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

"आणि आपलं काम?"

"काम पुरे झालं आता. मुलाला कळवलंय मी. महिनाअखेर त्याच्याकडेच जाऊ राहायला."

मुलाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. मुलगा भला होता, सूनही भली होती, त्याबद्दल प्रश्नच नव्हता. पण तिथे हिला दिवसभर करायचं काय, तर गॅलरीतल्या दोन कुंड्यांना पाणी घालायचं आणि "आई, तुम्ही बसा हो" हे ऐकून घ्यायचं. मशीन गेलं की काम जाणार आणि काम गेलं की घराला कुलूप लागणार, हे तिला लख्ख दिसलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला विचारलंत का?"

"यात विचारायचं काय?"

"मग मीही विचारत नाही. मी नवीन इंजिन बसवणार."

फिटर हसला. वाईट हसला असं नाही, पण हसला. "अगं, नव्या इंजिनाची भोकं जुन्या बैठकीला जुळत नाहीत. शाफ्टची उंची जुळत नाही. माझ्याच्याने होत नाही ते तुझ्याच्याने कसं होईल? बॅटरी धरण्याइतकं सोपं नाही ते!"

झालं. तेवढं बोलायला नको होतं त्याने.

लग्न झाल्यापासून ती या शेडमध्ये बॅटरीच धरत आली होती. फिटर मशीनमध्ये डोकं खुपसून बसायचा आणि ही उजेड दाखवायची. उजेड दाखवणाऱ्या माणसाला डोळे असतात, हे मात्र त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. कुठला नट कधी आवळायचा, पुली शाफ्टवर पक्की करणारी चावी कशी ठोकायची, सगळं तिने बघून ठेवलं होतं.

ती तडक इंजिनांच्या दुकानात गेली. दुकानदाराने दोन इंजिनं पुढे ठेवली. "दिसायला सारखीच आहेत, पण एकाचा शाफ्ट घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, दुसऱ्याचा उलटा. तुमचा कसा होता?"

"काट्यांसारखा," तिने ठणकावून सांगितलं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर फिरत होता, विसरेल कशी?

मग तिने शेड डोक्यावर घेतली. लोखंडाची जाड पट्टी आणून तिला भोकं पाडली आणि इंजिन पुढेमागे सरकवता यावं म्हणून ती भोकं कानशीने लांबट केली. उंची कमी पडली तेव्हा खाली दुसरी पट्टी सरकवली. दोन्ही पुल्या एका रेषेत आल्या की नाही ते दोरी ताणून पाहिलं. फिटर दारात पेपर वाचत बसायचा. तिचं काही चुकलं की त्याला खोकला यायचा. त्या आठवड्यात त्याला बराच खोकला झाला, पण तिने एकदाही मान वर केली नाही.

रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. "थांबा जरा," असं म्हणून तिने दोरी ओढली. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. तिने ऐटीत पट्टा ताणायचा दांडा दाबला आणि मशीन सरळ तिच्याच अंगावर आलं! ती मागे सरली, मशीन आणखी मागे आलं, बादली उलटली, शेवटी ती भिंतीला टेकली तेव्हा कुठे दांडा सुटला.

भंगारवाला खो-खो हसत सुटला. फिटरच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "अगं, उलटं इंजिन आणलंस! शाफ्ट आपल्याकडे करून बघायचं असतं, कुठल्या बाजूला फिरतो ते!"

भिंतीला टेकल्या टेकल्याच तिला उमगलं, आणि उमगल्यावर तिला चुकीची लाज वाटली नाही, संतापच आला.

"शाफ्टच्या बाजूला तुम्ही बसायचात. मी पलीकडे उभी. इतकी वर्षं मला सगळं पलीकडूनच, म्हणजे उलटंच दिसलं. एकदा तरी म्हणालात, की ये, इकडून बघ?"

फिटरचं हसू थांबलं. भंगारवाला उगाचच टेम्पोचे टायर बघू लागला.

"जाऊ दे," फिटर हळूच म्हणाला. "माझे हात थरथरतात आता. नट हातात धरवत नाही. मला भीती वाटते गं."

"थरथरतात ते तुमचे हात. माझे नाहीत."

तिने इंजिन बंद केलं. नट ढिले करून ते दोन बोटं रोलरकडे सरकवलं, कॅनव्हासचा चपटा पट्टा पुलीवरून काढला, त्याला मधे पीळ दिला आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पुन्हा चढवला. आता इंजिन हवं तिकडे फिरो, रोलर सुलटाच फिरणार होता.

"पट्टा पट्ट्याला घासेल," फिटर म्हणाला. "आठ दिवसांत झिजेल."

"नवव्या दिवशी नवा घालीन."

तिने दोरी ओढली. दांडा दाबला. मशीन एकदा अडखळलं आणि तिला ओढत शेडबाहेर निघालं. पात्यांचा तो ओळखीचा खरखराट ऐकून फिटरला राहवेना, तो पुढे आला आणि त्याने मुठीकडे हात नेला. "आण इकडे. पहिली फेरी मी मारतो."

"सोडा."

"अगं, पण..."

"पहिली मी मारणार. दुसरीही मीच मारणार. चालायचं असेल तर या बाजूने चाला, नाहीतर घरात जाऊन मुलाला फोन करा, आई येत नाही म्हणून सांगा."

फिटरने भंगारवाल्याला हातानेच जा म्हणून खुणावलं आणि भराभर चालत तिला गाठलं. ती मशीन वळवून वाचनालयाच्या रस्त्याला लागली होती.